वरठा सरांचा अर्ज

आमच्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात वाडीचे सातबारे, वडिलांच्या मृत्यूचा दाखला, माझ्या नेमणुकीची ऑर्डर असली कागदपत्रं आहेत, आणि सगळ्यांत तळाशी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेतून फाडलेला एक अर्धा कागद आहे. तो तिथे आहे हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. तो रजेचा अर्ज आहे. माझ्या शाळेतले शिक्षक काशिनाथ वरठा यांनी तो अंगात ताप असताना माझ्या हातात दिला होता. मी रजा दिली नाही. पुढे मरता मरता वाचल्यावर त्याने मला विचारलं, ‘सर, मी तुम्हाला सांगितलं होतं का?’ मी म्हटलं, नाही.

हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आता सांगतो. पण आधी वरठा कसा होता ते सांगायला पाहिजे, नाहीतर मी काय केलं ते नीट कळणार नाही.

मी डहाणूच्या किनारपट्टीवरचा, चिकूच्या वाडीत वाढलेला. नोकरी मात्र सगळी आश्रमशाळांत, डोंगराकडे. तेव्हा मी ज्या शाळेचा मुख्याध्यापक होतो ती विवळवेढ्याच्या महालक्ष्मीच्या देवळापासून आत सात किलोमीटरवर, तळासरीच्या बाजूला होती. मुलं निवासी, बहुतेक शिक्षकही निवासी. वरठा २०१४ च्या जूनमध्ये बदलून आला. चौतीस-पस्तिशीचा, काळासावळा, लांब हातांचा. तो तिथलाच वारली, दोन डोंगर पलीकडच्या पाड्यावरचा. शिकवायचा भूगोल, पण शाळा त्याला खेळाचा सर म्हणूनच ओळखायची.

आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत ओट्यावर उभा होतो, तर हा मैदानात अनवाणी फिरताना दिसला. फिरणं म्हणजे सरळ रेघेत जाणं, वळणं, शेजारच्या रेघेने परत येणं. नांगरणी केल्यासारखं. मधेच थांबायचा, पायाच्या बोटांनी काहीतरी उचलायचा आणि खिशात टाकायचा.

“काय हरवलं काय, वरठा?”

“नाय सर. खडे काढतो. मुलं अनवाणी धावतात ना.”

“मग डोळ्यांनी बघ की.”

“डोळ्याला मोठे दिसतात. लागतात ते बारीक. ते पायालाच कळतात.”

हे तो रोज करायचा. खिसा भरला की ऐनाच्या झाडाखाली रिकामा करायचा. दोन वर्षांत तिथे गुडघाभर ढीग झाला. त्याच्या सगळ्या सदऱ्यांचे खिसे खाली लोंबलेले असायचे, आणि त्याची बायको सुनंदा त्यावरून त्याला बोलायची. ती तळासरीजवळच्या एका उपकेंद्रात नर्स होती, तिथेच राहायची. हा शनिवारी दुपारी जायचा, सोमवारी सकाळी यायचा. ती एकदा मला म्हणाली, “सर, लोक नवऱ्याच्या खिशात चिठ्ठ्या शोधतात. मी दगड शोधते.”

त्याच्या गळ्यात काळ्या दोऱ्याला शिट्टी असायची, पण ती वाजवलेली मी कधी ऐकली नाही. तो जिभेने टाळूवर ‘टॉक्’ असा आवाज करायचा आणि मैदानाच्या पार टोकाची पोरं माना वळवायची. मग शिट्टी कशाला, असं विचारलं तर म्हणायचा, “तपासणीला साहेब येतात, त्यांना दिसायला पाहिजे.”

पण त्याची खरी गोष्ट वेगळीच होती. त्याने मुलांना एक नियम घालून दिला होता. धावताना दम संपला, छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, काहीही झालं, तर हात सरळ वर करायचा आणि थांबायचं. ज्याने हात वर केला त्याला कुणी हसायचं नाही. तो म्हणायचा, “दम संपणं ही चूक नाय. लपवणं चूक. लपवणारा मधेच पडतो, आणि मागच्यांनाही पाडतो.” रोज संध्याकाळी, रोज तेच वाक्य. पोरं त्याची नक्कल करायची, पण हात मात्र वर करायची.

त्याच्या पहिल्याच वर्षी आदिवासी विकास प्रकल्पाच्या क्रीडास्पर्धेत आमची एक मुलगी आठशे मीटरमध्ये सगळ्यांच्या पुढे होती. शेवटचं वळण घेतलं, मी टाळ्या वाजवायला हात उचलले, आणि तिने आपला हात वर केला. थांबली. बाकीच्या सगळ्या तिला ओलांडून गेल्या. मी कपाळावर हात मारून घेतला. वरठा काय करतो म्हणून बघितलं तर हा टाळ्या वाजवत होता. धावत तिच्याकडे गेला, तिला सावलीत बसवलं, पाठीवरून हात फिरवला, आणि जिंकल्यासारखा हसत परत आला.

मी भडकलो. “अरे, वीस पावलं राहिली होती! वीस!”

“वीस राहिली होती म्हणूनच, सर. वीस राहिल्यावर थांबायला जास्त छाती लागते.”

मला तेव्हा ते नुसतं बोलणं वाटलं. शाळेचं पदक गेलं, एवढंच मला दिसत होतं.

आणखी एक सांगतो, तेही माझ्यावरच येतं. एकदा तो मुलांना समुद्राच्या ओल्या वाळूत धावायचा सराव द्यायला आमच्या गावी घेऊन आला होता. नंतर सगळे आमच्या वाडीत आले. आईने मुलांना चिकू दिले, वरठाला चहा दिला. तो ज्या पेल्यात दिला तो पडवीच्या खुंटीवरचा, वाडीत कामाला येणाऱ्या माणसांचा पेला होता. मला कळलं. मी काही बोललो नाही. वरठाने चहा घेतला, नळावर जाऊन पेला स्वतः विसळला आणि बरोबर त्याच खुंटीवर पालथा घातला. कुणी त्याला खुंटी दाखवली नव्हती. “आई, चहा झकास,” म्हणाला. परत जाताना गाडीत त्याने तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. माझं बरंचसं आयुष्य असं न काढलेल्या विषयांवरच चाललं आहे.

आता २०१६ च्या हिवाळ्याकडे येतो.

त्या वर्षी स्पर्धांचं यजमानपद आमच्या शाळेकडे होतं. आमच्याकडे उद्घाटनाला क्रीडाज्योत आणतात. ती कुठून आणायची हे यजमान शाळा ठरवते. मी ठरवलं, महालक्ष्मीच्या देवळाच्या पायरीवर पेटवायची आणि सात किलोमीटर धावत मैदानात आणायची. मुलं टप्प्याटप्प्याने सोबत धावतील, पण ज्योत पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच हातात, वरठाच्या. कल्पना माझी होती, आणि मी ती येईल त्या साहेबाला सांगत होतो. पत्रिकेत छापलीही होती.

शुक्रवारी उद्घाटन. बुधवारी दुपारी वरठा माझ्या ऑफिसात आला. मी पाहुण्यांच्या जेवणाची यादी करत होतो. त्याने तो अर्धा कागद टेबलावर ठेवला. अर्ज मला पाठ आहे.

‘सोमवारपासून ताप आहे. जुलाबही झाले. कालपासून छातीत धडधड होते व ओट्याच्या चार पायऱ्या चढताना दम लागतो. असे मला कधी होत नाही. तरी ज्योत दुसऱ्या कोणाकडे द्यावी व दोन दिवस रजा मिळावी ही विनंती.’

खाली सही, त्याच्या गोल अक्षरात.

मी वर बघितलं. चेहरा उतरला होता, डोळे लाल होते. आणि मी काय म्हणालो ते जसंच्या तसं लिहितो, कारण तेच लिहायला ही सगळी वर्षं गेली.

“काय रे वरठा, ताप आहे की ताडी?”

वरठा ताडी पीत नव्हता. मला माहीत होतं. अडीच वर्षं बघत होतो. पण आमच्या किनाऱ्यावर डोंगरातल्या माणसाच्या आजाराबद्दल असंच बोलायची रीत आहे. वाडीतला मजूर दोन दिवस आला नाही की माझे वडील हेच म्हणायचे, आणि सगळे हसायचे. यांना काय होतंय, काटक माणसं, असं आम्ही म्हणतो आणि ते आम्हाला कौतुक वाटतं.

तो हसला नाही. त्याने उजवा हात सरळ वर केला. मुलांना शिकवला होता तसा, पंजा उघडा. ऑफिसात, माझ्या टेबलासमोर. क्षणभर धरला आणि खाली घेतला.

मी म्हटलं, “नाटकं नकोत. गोळी घे, उद्या दिवसभर पड. शुक्रवारचा अर्धा तास काढ. मग आठ दिवस रजा घे, मी स्वतः सही करतो.” अर्ज ड्रॉवरमध्ये टाकला आणि यादीकडे वळलो.

“बरं सर,” तो म्हणाला.

शुक्रवारी त्याने ज्योत आणली. सात किलोमीटर. मैदानात शिरला तेव्हा बँड वाजत होता, पाहुणे उभे राहिले होते. ज्योत माझ्याकडे देताना त्याचा हात माझ्या हाताला लागला. धावून आलेल्या माणसाचा हात तापलेला असतो. हा गार होता, ओला गार, कोळणीच्या टोपलीतल्या मासळीसारखा. मला ते जाणवलं. मी ज्योत घेऊन पाहुण्यांकडे वळलो.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, तो घड्याळ घेऊन अंतिम रेषेवर बसला होता. दुपारी उलटी झाली. आडवं पडायला सांगितलं तर पडता येईना, पडलं की गुदमरायचा. ओठ राखेच्या रंगाचे झाले होते. मी स्वतः जीपमध्ये घातला आणि डहाणूला दवाखान्यात नेला. तिथे ईसीजीची पट्टी काढली. डॉक्टर पट्टी बघून म्हणाले, हार्ट अटॅकसारखं दिसतंय, पण या वयात, अशा माणसाला? रक्तदाब लागत नव्हता म्हटलं तरी चालेल. त्यांनी वेळ न घालवता ॲम्ब्युलन्स करून मुंबईला धाडलं. मी सोबत बसलो. दुपारी शाळेतून जीप निघण्याआधी मी आत गेलो होतो, त्याचे कपडे घ्यायला म्हणून. ड्रॉवरमधला अर्ज तेव्हाच माझ्या खिशात आला.

मुंबईच्या त्या मोठ्या रुग्णालयात हृदयाच्या रक्तवाहिन्या तपासल्या. त्या स्वच्छ होत्या. रविवारी सकाळी सुनंदा आली, तेव्हा एक डॉक्टरबाई आमच्याशी बोलायला बाहेर आल्या. चष्मा केसांत खोचलेला, आवाज शांत.

“हा अटॅक नाही. हृदयाच्या स्नायूलाच सूज आली आहे. साध्या तापाच्या विषाणूनेही येते. बहुतेकांची आपोआप उतरते, कळतही नाही. पण यांची फार जोरात आहे. हृदय रक्त ढकलतच नाहीये, नुसतं थरथरतंय. औषधं चढवली, पुरी पडत नाहीत.” मग त्यांनी विचारलं, “ताप कधीपासून होता?”

“सोमवारपासून,” मी म्हणालो.

“त्या दिवसांत काही जोराचं काम? धावणं वगैरे?”

मी सांगितलं. ज्योत, सात किलोमीटर. सुनंदा माझ्याकडे वळली. “तापात धावला? आणि तुम्हाला बोलला नाय?”

“कुणालाच बोलला नाही,” मी म्हटलं. “सोमवारचं मागाहून मुलांकडून कळलं.”

ते पहिलं खोटं. इतकं सहज आलं की मलाच आश्चर्य वाटलं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, “धावल्यामुळेच झालं असं मी म्हणणार नाही. न धावताही असं होतं. पण तापात शरीर थांबा म्हणत असेल तर थांबायला हवं.” या वाक्याच्या पहिल्या अर्ध्यावर मी कितीतरी दिवस काढले आहेत. ते खरंही असेल. पण माझा प्रश्न तो नाहीच. न धावताही झालं असतं, हे धरून चालू. त्याने सांगितलं होतं, हे तरीही उरतंच.

मग त्यांनी मशीनबद्दल सांगितलं. मांडीतून दोन जाड नळ्या घालायच्या. एकीतून रक्त बाहेर काढायचं, मशीन त्यात प्राणवायू मिसळणार, आणि दुसरीतून जोराने परत आत ढकलणार. हृदयाचं काम मशीनचं, फुफ्फुसाचंही.

“म्हणजे याने बरे होतील?” मी विचारलं.

“नाही. मशीन बरं करत नाही. तुम्ही शिक्षक ना? मग असं समजा, हृदयाला रजा दिली. तोवर वर्ग दुसरं कुणीतरी चालवणार. पाच दिवस, सात, दहा. सूज उतरली तर हृदय कामावर परत येईल. नाही उतरली, तर मग आपल्याला पुन्हा बोलावं लागेल. यात धोके आहेत. रक्तस्राव होऊ शकतो, गुठळी मेंदूत जाऊ शकते, पायाचा रक्तपुरवठा तुटू शकतो.”

“आणि नाय लावली तर?” सुनंदाने विचारलं.

“तर संध्याकाळपर्यंतचं सांगता येत नाही.”

सुनंदाने फॉर्मवर सही केली. पेन परत देताना एवढंच विचारलं, “ज्या मांडीत नळी, त्या पायाला खाली रक्त कसं जाणार?” डॉक्टरबाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तिच्याकडे नीट बघितलं. “तुम्ही नर्स आहात?” “उपकेंद्रात.” मग त्यांनी तिला वेगळी बारीक नळी कशी घालतात ते समजावून सांगितलं. मी बाजूला उभा होतो. रजा हा शब्द माझ्या खिशात घडी घालून होता, आणि सगळं जग तोच शब्द बोलत होतं.

पैशाचं कसं जमलं ते सांगत बसत नाही. रुग्णालय ट्रस्टचं होतं, आणि मदतीचे हात पुष्कळ होते.

दुपारी थोडा वेळ आत सोडायचे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वरठाकडे बघायच्या ऐवजी नळ्यांकडेच बघत राहिलो. वाडीत पाण्याच्या मोटरला लावतो तेवढ्या जाड. एकीतलं रक्त पिकल्या करवंदासारखं काळपट, दुसरीतलं लालभडक. मशीनची एकसारखी घरघर. पडद्यावर जिथे नाडीची लाट असते तिथे नुसती सरळ रेघ होती. मला वाटलं संपलं. तिथली नर्स म्हणाली, “घाबरू नका, पंप एकसारखं रक्त ढकलतो ना, म्हणून ठोका दिसत नाही. हृदय झोपलंय.”

सुनंदाने त्याचं मनगट धरलं होतं. “हात गरम आहे, सर,” ती म्हणाली, “आणि नाडी नाय. एवढी वर्षं लोकांचे हात धरले, असा हात कधी धरला नव्हता.”

ती रोज तेच करायची. मिळालेल्या वेळात अर्धा वेळ मनगट, अर्धा वेळ पाऊल. तिसऱ्या दिवशी तिनेच सांगितलं की उजवं पाऊल गार लागतंय. डॉक्टर धावले, नळी नीट केली. पाय वाचला. अंगठा आणि शेजारची दोन बोटं मात्र काळी पडली, ती पुढे काढावी लागली. खडे उचलायची बोटं.

पाचव्या दिवशी मी तिच्यासोबत आत होतो. ती मनगट धरून डोळे मिटून उभी होती. एकदम म्हणाली, “आहे.”

“काय?”

“आहे. बारीक आहे. थांबा, बोलू नका.” मग मोठ्याने, “सिस्टर! बघा ना, आहे!”

नर्सने पडद्याकडे बघितलं. सरळ रेघेवर बारीक बारीक उंचवटे आले होते, मुंग्यांनी बिळातून माती काढल्याएवढे. नर्स हसली. सुनंदा रडली नाही, ती मोजत होती. मी बाहेर येऊन जिन्यात बसलो. मला आनंद झाला होता, खरंच. आणि त्याच वेळी मला वाटलं, आता हा बोलेल. लाज वाटते, पण वाटलं होतं हे खरं आहे.

आठव्या दिवशी मशीन काढलं. त्यानंतर चारेक दिवसांनी तो वॉर्डमध्ये आला. हनुवटी टोकदार झालेली, आवाज घोगरा. सुनंदा खिडकीजवळच्या बेसिनमध्ये पाण्याची बाटली धूत होती. मी स्टुलावर बसलो. वाट बघत होतो.

“सर,” तो म्हणाला, “मला ज्योत आठवतच नाय. लोक सांगतात मी धावलो. मला रविवारचं आठवतं, घरी भाकरी खाल्लेली. मग एकदम हे छत. मधलं सगळं गेलं.”

“असं होतं म्हणे,” मी म्हणालो.

“सर, मी तुम्हाला सांगितलं होतं का? ताप आहे म्हणून?”

बाटलीतलं पाणी पडायचा आवाज थांबला. सुनंदा ऐकत होती.

“नाही,” मी म्हटलं.

“म्हणजे मी लपवलं,” तो म्हणाला. “मी लपवलं, सर?”

“लपवलंस.”

तेव्हा मी गप्प राहिलो असतो तरी चाललं असतं. पण मी तो शब्द उच्चारला.

तो उन्हाळ्यानंतर शाळेत परतला. पहिल्याच कार्यक्रमात त्याने हट्टाने मला शाल-श्रीफळ दिलं. जीपमध्ये घालून नेलं, बारा दिवस मुंबईत राहिले, सरांनी जीव दिला मला, असं माइकवर म्हणाला. शाल मी एकदाही अंगावर घेतली नाही. आई गेली तेव्हा कुणीतरी तिच्यावर घातली, तेवढीच.

पण शालीपेक्षा वाईट पुढे होतं. दरवर्षी स्पर्धांचा सराव सुरू व्हायच्या दिवशी तो प्रार्थनेनंतर मुलांसमोर उभा राहायचा. उजव्या पायात तो खास बनवून घेतलेला बूट, जरा लंगडत. हात वर करायचा नियम सांगायचा. आणि मग म्हणायचा, “हा नियम तुम्हाला शिकवणाऱ्या माणसानेच मोडला होता. मला ताप होता, छाती धडधडत असेल, आणि मी कुणाला सांगितलं नाय. मोठेपणा पाहिजे होता मला, ज्योतीचा. म्हणून हे बघा.” आणि बूट काढून पाऊल दाखवायचा. मी त्याच्या मागे, ध्वजाच्या कट्ट्यावर उभा असायचो. दोन वर्षं दोनदा ऐकलं. जे त्याने केलं नव्हतं त्याची कबुली तो माझ्या देखत देत होता, माझ्या वाटची.

त्याच्यातलं काहीतरी गेलं होतं, आणि ती बोटं नव्हेत. पूर्वी तो “मला जमतंय” म्हणायचा तेव्हा त्यात शंका नसायची. आता दोन पायऱ्या चढला की थांबायचा, स्वतःचं मनगट धरायचा, आणि माझ्याकडे बघायचा. “सर, मी बरा दिसतो ना? माझं मला कळत नाय आता.” हृदय चांगलं सुधारलं होतं. दर तपासणीत डॉक्टर तेच सांगायचे. पण एकदा आपणच आपल्याला फसवलं, असं ज्याला वाटतं, त्याने कुणाचं ऐकायचं?

सुनंदाचं त्याहून अवघड. ती मला फोन करायची. “सर, आज चेहरा कसा आहे त्याचा? खरं सांगा. तो बरा आहे बोलला की मला धडकी भरते. घरात नर्स, आणि त्याने मला फोनवर पण सांगितलं नाय. मी एवढी परकी का?” मी सांगायचो, चेहरा ठीक आहे, काळजी करू नका. ती म्हणायची, “तुम्ही बोलता म्हणून मानते. त्याच्या शब्दावर माझा विश्वास उरला नाय.”

तिला त्याने फोनवर का सांगितलं नाही, हे मला आता कळतं. त्याने आधी मला सांगितलं होतं. मी त्याला हसलो होतो. मग माणूस दुसऱ्यांदा कशाला सांगेल?

वरठाच्या तिथल्या शेवटच्या हिवाळ्यात आमच्या भागात जमीन हलायला लागली. भूकंपाचे धक्के, कधी दिवसाला दोन-तीन. भिंतींना चिरा गेल्या, मुलं छपराखाली बसायला तयार होईनात. वर्ग मैदानात भरायला लागले. पाचशे मुलं दिवसभर जमिनीवर बसायची, आणि कुणाला खडा बोचला म्हणून तक्रार आली नाही. वरठा बूट घालून रेघेरेघेने फिरायचा, पण बुटाला खडे कळत नाहीत. म्हणून मोठ्या मुलांनी ते काम आपल्याकडे घेतलं होतं. ती अनवाणी चालायची, तो त्यांच्या मागून खिसा उघडा धरून चालायचा. ऐनाखालचा ढीग वाढत राहिला.

२०१९ मध्ये त्याने जव्हारकडे बदली मागून घेतली, सुनंदाला तिकडे नेमणूक मिळाली होती म्हणून. मी त्यांना सोडायला चारोटी नाक्यापर्यंत गेलो. अर्ज पेटीतून काढून सदऱ्याच्या खिशात ठेवला होता. ठरवून गेलो होतो.

एसटीला वेळ होता. सुनंदा उसाचा रस आणायला गेली. तो सामानावर बसला, दुखरा पाय पुढे करून.

“सर, शेवटचं विचारतो. रागावू नका. मला कधीकधी एक स्वप्न पडतं. मी तुमच्या टेबलासमोर उभा आहे आणि माझा हात वर आहे. पोरं करतात तसा. असं कधी झालं होतं?”

माझा हात खिशापर्यंत गेला. कागद बोटांना लागला. सुनंदा तीन ग्लास घेऊन येत होती, सांभाळून, सांडू नये म्हणून त्यांच्याकडेच बघत.

“स्वप्नच असेल,” मी म्हटलं.

“असेल,” तो म्हणाला. “मलाही तसंच वाटलं.”

गाडी आली. सामान वर गेलं. सुनंदा खिडकीपाशी बसली, तो तिच्या शेजारी. बसल्या बसल्या तिची बोटं सवयीने त्याच्या मनगटावर गेली, आणि त्याने सवयीने हात तसाच ठेवला. माझ्याकडे बघून हसला. त्याच्या सदऱ्याचा खिसा लोंबत होता. तेवढं दिसलं आणि गाडी वळली.

तो जव्हारजवळच्या एका शाळेत आहे. बरा आहे, ऐकतो. दरवर्षी मुलांसमोर बूट काढून पाऊल दाखवतो, हेही ऐकतो. इथून तिथे एका एसटीचं अंतर आहे. हे सगळं लिहिलं म्हणून मी मोकळा झालो असं नाही. हे ज्याला आधी सांगायचं त्याच्याआधी तुम्हाला सांगितलं, हीसुद्धा माझी जुनीच खोड.

मला त्याला तो अर्धा कागद द्यायचा आहे. पाठवायचा नाही, हातात द्यायचा, सुनंदाबाई समोर असताना. आणि एक वाक्य बोलायचं आहे. तुम्ही मला सांगितलं होतं, वरठा सर. एवढं माझ्याकडून अजून व्हायचं आहे.